आधी कागद, मग पडदा: नागरी हक्कांची चळवळ वर्गात शिकवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मूळच्या नागपूरच्या, यंदापासून न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलमध्ये अकरावीला अमेरिकेचा इतिहास शिकवायला लागलात. नागरी हक्क चळवळीसाठी दोन आठवडे हातात आहेत. माहितीपट लावला की वर्ग चिडीचूप बसतो, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर प्रत्येकाकडून तीच चार वाक्यं ऐकू येतात. मूळ कागद वाचायला दिले तर दुसऱ्या परिच्छेदातच जांभया सुरू होतात. या दोन्हींचा मेळ घालायचा कसा?

मी याच राज्यात 19 वर्षं हा विषय शिकवते आहे आणि सुरुवातीला माझ्या वर्गातही नेमकं हेच होत होतं. हेन्री हॅम्प्टन यांच्या ‘आइज ऑन द प्राइझ’ या चळवळीवरच्या माहितीपट-मालिकेचा पहिला भाग मी सलग दाखवायचे, जवळजवळ तासभराचा. सोबत प्रश्नांचा कागद. मुलं मन लावून बघायची, एखादीचे डोळेही भरून यायचे. एका वर्षी भाग बघून झाल्यावर दुसऱ्या दिवशी एका हुशार मुलीने लिहिलं: रोझा पार्क्स दिवसभराच्या कामाने थकली होती म्हणून बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागेवरून उठली नाही, तिला अटक झाली, मग डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी बसवर बहिष्कार पुकारला आणि कायदा बदलला. माहितीपटात असं काही म्हटलेलंच नव्हतं. ती गोष्ट ती तिसरी-चौथीतल्या चित्रांच्या पुस्तकातून घेऊन आली होती, आणि तासभराची उत्तम फिल्म त्या गोष्टीला जराही धक्का न लावता वरून वाहून गेली होती.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी कागद, मग पडदा. आणि पडदा एका तासिकेत जास्तीत जास्त दहा मिनिटं.

यामागचं कारण मराठी माणसाला बखरीवरून चटकन कळेल. बखर रंगतदार असते, प्रसंग डोळ्यांसमोर उभा करते. पण ती घटना होऊन गेल्यावर, कुणीतरी, काहीएक हेतूने लिहिलेली असते. त्या दिवशीचं पत्र रुक्ष असतं, अर्धवट असतं, कधी त्यात नुसता पैशांचा हिशेब असतो, पण ते त्या दिवशीचं असतं. राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले ते अशाच कागदांसाठी. माहितीपटात हे दोन्ही एकत्र शिवलेलं असतं. चित्रफीत त्या दिवसाची, म्हणजे अस्सल. तिचे तुकडे कापून जोडणारा आणि वरून बोलणारा मात्र नंतरचा, म्हणजे बखरकार. मुलांना ही शिवण दिसायला लागली की माहितीपट बघणं हेच इतिहासाचं काम होऊन जातं.

हॅम्प्टन यांची बखर उत्तम आहे, हे मी मनापासून म्हणते. 1987 मध्ये पहिले सहा भाग आले, 1990 मध्ये पुढचे आठ. स्वतः हॅम्प्टन 1965 मध्ये सेल्मातल्या मताधिकाराच्या मोर्चात चालले होते. मालिकेत त्यांनी तज्ज्ञ प्राध्यापकांना बसवून भाष्य करायला लावलं नाही; जे तिथे होते त्यांनाच बोलतं केलं. पुढे जुन्या चित्रफितींच्या हक्कांच्या मुदती संपल्या आणि ही मालिका कित्येक वर्षं टीव्हीवर दाखवता येत नव्हती. 2006 मध्ये ती पुन्हा प्रसारित झाली. हे मी वर्गात मुद्दाम सांगते, कारण आठवणी जपायलाही पैसा आणि परवाने लागतात हे मुलांना कधी सुचलेलं नसतं. तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे या मालिकेसाठी घेतलेल्या मुलाखतींची पूर्ण संहिता सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने ऑनलाइन ठेवली आहे. पडद्यावर अर्धा-पाऊण मिनिट बोलणारी व्यक्ती प्रत्यक्षात पानंच्या पानं बोललेली असते. ती पानं मुलांच्या हातात द्या आणि एवढंच विचारा: संकलकाने काय गाळलं, आणि तुम्ही असता तर काय ठेवलं असतं?

आता प्रत्यक्ष पहिला दिवस कसा घ्यायचा ते सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय स्त्रियांची विमेन्स पोलिटिकल कौन्सिल ही संघटना होती; तिच्या अध्यक्ष जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी महापौर गेल यांना लिहिलेलं एक पत्र आहे. टंकलिखित, छोटं. मी त्याची तारीख झाकून प्रती वाटते. पत्राची सुरुवात आभाराने होते: बसभाडेवाढीच्या सुनावणीत आमचं म्हणणं ऐकून घेतलंत म्हणून. मग तीन मागण्या. कृष्णवर्णीयांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे अशा जागा भरत जाव्यात. पुढच्या दाराने भाडं देऊन, खाली उतरून, पुन्हा मागच्या दाराने चढायला लावू नये. आणि गोऱ्यांच्या वस्तीत बस जशी प्रत्येक कोपऱ्यावर थांबते तशी आमच्या वस्तीतही थांबावी. पुढे मोबाईल शहराचं उदाहरण आहे: याच राज्यातल्या त्या शहरात बसमध्ये जागा अशाच भरतात. आणि मग तो परिच्छेद, जिथे मी मुलांना पेन खाली ठेवायला सांगते. बसच्या प्रवाशांत तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय आहेत, ते बसले नाहीत तर बस चालणार नाही. 25 किंवा त्याहून जास्त स्थानिक संघटनांमध्ये शहरभर बहिष्काराची चर्चा चालू आहे. आम्हाला ते नको आहे, असंही लगेच पुढे लिहिलं आहे.

मुलांना विचारा, हे पत्र कधीचं असेल? माझ्या वर्गात दर वर्षी बहुतेक हात ‘रोझा पार्क्सच्या अटकेनंतर’ या उत्तरालाच वर जातात. मग पट्टी काढायची. 21 मे 1954. पार्क्स यांना अटक झाली 1 डिसेंबर 1955 ला, म्हणजे दीड वर्षानंतर. आणि शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन खटल्याचा निकाल लागला होता 17 मे 1954 ला, म्हणजे पत्राच्या चारच दिवस आधी. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते ती माहितीपटाच्या शांततेहून वेगळी असते. एक मुलगा एकदा नुसतं म्हणाला, “म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं?” त्याला मी ‘हो’ म्हटलं नाही. ठरलं नव्हतं, तयार होतं. या दोन शब्दांतल्या फरकावर आमचा उरलेला तास गेला.

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येऊ द्या, तुम्ही सांगू नका. या पत्रात वेगळं बसवणं बंद करा अशी मागणीच नाही. फक्त जरा माणुसकीने वागवा एवढंच आहे. पहिल्यांदा वाचताना मुलांना याचा राग येतो, ‘इतकंच का मागितलं?’ असा. तो राग दोन दिवस तसाच राहू द्यावा. मग बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ खटल्याचा कागद आला की कळतं: एवढीशी मागणीही मान्य झाली नाही, तेव्हा त्यांनी कोर्टात जाऊन सगळंच मागितलं आणि ते मिळवलं. बहिष्कार 381 दिवस चालला. त्या खटल्यात पार्क्स वादी नव्हत्या. चार वेगळ्या स्त्रिया होत्या, त्यांतली क्लॉडेट कोल्विन मार्च 1955 मध्ये बसमधली जागा न सोडल्याबद्दल अटक झाली तेव्हा 15 वर्षांची होती. तुमच्या मुलांपेक्षा लहान. हे वाक्य फळ्यावर लिहायचीही गरज पडत नाही.

त्यानंतर बहिष्काराचं पत्रक द्या. पार्क्स यांना अटक झाली त्या रात्री रॉबिन्सन यांनी त्या जिथे शिकवत त्या अलाबामा स्टेट कॉलेजच्या यंत्रावर हजारो प्रती काढल्या. पत्रकाच्या पहिल्याच वाक्यात ‘आणखी एका’ बाईला अटक झाली असं म्हटलं आहे. पार्क्स यांचं नावच त्यात नाही. ‘आणखी’ या एका शब्दावर वीस मिनिटं बोलता येतं.

पार्क्स यांच्या अटकेचे पोलिसी कागद राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ते तिथे पोहोचले ते ब्राउडर खटल्यामुळे. त्यात बसमधल्या जागांचा एक आराखडा आहे. मुलांनी त्यावर बोट ठेवून बघायचं: पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या, आणि पार्क्स त्यांच्या लगेच मागच्या रांगेत. म्हणजे त्या गोऱ्यांच्या जागेवर बसलेल्याच नव्हत्या. आता पोलिसांनी अहवालात काय लिहिलंय ते वाचा: गोऱ्यांच्या भागात बसली आहे आणि मागे जायला तयार नाही, असं चालकाने सांगितलं. आराखडा एक सांगतो, अहवाल दुसरं. एक गोरा माणूस उभा होता, म्हणून ती सीमारेषा तिथल्या तिथे एक रांग मागे सरकवली गेली. वर्णभेद म्हणजे काय याची यापेक्षा नेमकी व्याख्या मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही.

आणि तो प्रसिद्ध फोटो, पार्क्स खिडकीतून बाहेर बघताहेत आणि मागे एक गोरा माणूस बसला आहे, तो जरूर दाखवा. मुलं सांगतात, हा अटकेच्या आधीचा. तो 21 डिसेंबर 1956 चा आहे, बहिष्कार जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी छायाचित्रकारांसाठी काढलेला, आणि मागे बसलेला माणूस वार्ताहर आहे. बोटांचे ठसे घेतानाचा फोटोसुद्धा पहिल्या अटकेचा नाही. तो फेब्रुवारी 1956 मधला, बहिष्कार चालवल्याबद्दल अनेकांना अटक झाली तेव्हाचा. हे ऐकून काही मुलं लगेच ‘म्हणजे खोटा फोटो’ म्हणतात. त्यांना तिथेच थांबवा. फोटो खरा आहे, त्याखालची आपली ओळ चुकीची आहे.

इतकं झाल्यावर, म्हणजे तिसऱ्या दिवशी, माहितीपटातला माँटगोमेरीचा भाग लावा. आधी दोन मिनिटं आवाज बंद करून. मुलांनी फक्त दिसतं ते लिहायचं: कोण चालतंय, कपडे कसले, कॅमेरा कुठे उभा आहे, कोण कॅमेऱ्याकडे बघतंय. मग तोच तुकडा आवाजासह. निवेदकाने काय जोडलं, संगीताने काय केलं? यात निवेदकाला खोटं पाडायचं नाही. शिवण बघायची आहे.

दुसऱ्या आठवड्यासाठी तुमच्याकडे एक अशी गोष्ट आहे जी न्यू जर्सीतच घडली. 22 ऑगस्ट 1964 ला अटलांटिक सिटीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या फॅनी लू हॅमर यांनी साक्ष दिली. आमच्या मुलांना अटलांटिक सिटी म्हणजे समुद्रावर फिरायची जागा. हे भाषण सरळ लावू नका. आधी मिसिसिपीचा मतदार नोंदणीचा अर्ज द्या, तोही भरायला द्या. राज्यघटनेचं एक कलम जसंच्या तसं उतरवायचं, मग त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहायचा, मग नागरिकाची कर्तव्यं सांगायची. उत्तर बरोबर की चूक हे ठरवणार नोंदणी कारकून. मुलं भरतात, चिडतात, हसतात. मग मी म्हणते, आता ज्ञानाशी ज्याचा काही संबंध नाही असा प्रश्न अर्जात शोधा. पाच-सात मिनिटं जातात. शेवटी कुणीतरी बोट ठेवतं: तुम्ही कुणाकडे नोकरी करता?

हे कशाला विचारलं असेल? वर्गात मुलं अंदाज करतात. पत्ता पडताळायला, कर बघायला. मी काही बोलत नाही. मिसिसिपीत 1962 पासून अर्जदारांची नावं वर्तमानपत्रात छापायचा कायदा होता, एवढं फक्त सांगते. मग हॅमर यांचा आवाज लावते. 31 ऑगस्ट 1962 ला 18 जण 26 मैल प्रवास करून इंडियानोलाच्या कोर्टात नोंदणीला गेले. परतताना पोलिसांनी बस अडवली. बसचा रंग चुकीचा म्हणून चालकावर गुन्हा. आणि त्याच दिवशी, ज्या मळ्यावर हॅमर यांनी 18 वर्षं काम केलं होतं, त्या मळ्याच्या मालकाने सांगितलं: अर्ज मागे घे, नाहीतर निघून जा. त्या क्षणी मुलं पुन्हा अर्जाकडे बघतात. नोकरीचा रकाना त्यांना आता कळलेला असतो, आणि तो मी समजावलेला नसतो.

साक्षीचा पुढचा भाग मिसिसिपीतल्या विनोनाच्या तुरुंगात जून 1963 मध्ये हॅमर यांना झालेल्या मारहाणीचा आहे. तो कठोर आहे. मी तो ऐकवते, पण आदल्या दिवशी कल्पना देऊन, आणि ज्याला बाहेर बसायचं असेल त्याला काही न विचारता बसू देऊन. अटलांटिक सिटीत हॅमर बोलत असताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद घेतली आणि वाहिन्यांचे कॅमेरे तिकडे वळले; त्याच रात्री वाहिन्यांनी त्यांची साक्ष दाखवली. म्हणजे चित्रफितीचाही एक राजकीय इतिहास असतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून किंग यांनी लिहिलेलं 16 एप्रिल 1963 चं पत्र एकटं कधीच देऊ नका. ज्या आठ गोऱ्या धर्मगुरूंच्या निवेदनाला ते उत्तर आहे ते निवेदन आधी वाचू द्या. ते इतकं समजूतदार वाटतं की अर्धा वर्ग त्याच्याशी सहमत होतो, आणि मगच किंग यांच्या पत्राला धार येते. सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना मारहाण केली त्याची 7 मार्च 1965 ची चित्रफीत दाखवलीत तर मोर्च्याच्या पुढे असलेल्या जॉन लुइस यांनी त्यानंतर कोर्टात दिलेली साक्ष शेजारी ठेवा: कापलेल्या चित्रफितीत वेळ नाहीशी होते, साक्षीत ती परत येते. वॉशिंग्टनच्या 1963 च्या मोर्चासाठी 1964 चा ‘द मार्च’ दाखवा. सरकारच्याच माहिती खात्याने तो परदेशी प्रेक्षकांसाठी बनवला होता आणि अमेरिकेत दाखवायला कायद्याने मनाई होती. ‘सरकारला जगाला काय दाखवायचं होतं?’ हा एक प्रश्न त्या तासाला पुरतो.

आता काही गोष्टी ज्यांबाबत मी ठाम आहे. वर्गात कुणालाही गुलाम, पोलीस किंवा मोर्चेकरी बनवून नाटक करायला लावायचं नाही. अर्ज भरणं वेगळं, मार खाल्ल्याचा अभिनय करणं वेगळं. वर्गात दोन-तीन कृष्णवर्णीय मुलं असतील तर त्यांच्याकडे वळून ‘तुला काय वाटतं?’ असं कधीही विचारायचं नाही. ती मुलं शिकायला आली आहेत, साक्ष द्यायला नाही. जुन्या कागदांतली शिवी मोठ्याने वाचायची नाही, कागदावर आहे तशी राहू द्यायची. ‘निग्रो’ हा शब्द मात्र समजावून सांगा: रॉबिन्सन स्वतः तो मोठ्या अक्षराने, सन्मानाने लिहितात. मिसिसिपीत वंशद्वेषातून खून झालेल्या एमेट टिलचा शवपेटीतला फोटो मी पडद्यावर मोठा करून लावत नाही. 14 वर्षांच्या मुलाचा चेहरा जगाने पाहावा हा त्याच्या आईचा, मेमी टिल यांचा निर्णय होता. तो निर्णय तिने का घेतला हे तिच्याच शब्दांत ऐकवते.

एखाद्या पालकाने ‘हे सगळं कशाला?’ असं विचारलं तर न्यू जर्सीत 2002 पासून आफ्रिकन-अमेरिकन इतिहास अभ्यासक्रमात घेण्याचा कायदा आहे, हे लक्षात ठेवा. शाळेच्या वर्गात, समोरासमोर शिकवताना, कायदेशीर प्रत दाखवायला वेगळा परवाना लागत नाही. तो प्रश्नही तुम्हाला कुणीतरी विचारेलच.

तुम्ही नागपूरच्या आहात म्हणून शेवटी एक सांगते. जेम्स लॉसन हे नाव वर्गात नक्की घ्या. अमेरिकी मेथॉडिस्ट तरुण, कोरिया युद्धाच्या काळात सैन्यभरती नाकारल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेला. 1953 ते 1956 तो तुमच्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजमध्ये होता, मुलांना खेळ शिकवत होता आणि गांधींच्या मार्गाचा अभ्यास करत होता. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्याने तिथेच, नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर त्याची किंग यांच्याशी भेट झाली, मग नॅशव्हिल, आणि तिथे त्याने विद्यार्थ्यांना महिनोन् महिने सराव दिला: अंगावर कुणी थुंकलं तर काय करायचं, खुर्चीवरून ओढलं तर डोकं कसं वाचवायचं. फेब्रुवारी 1960 मध्ये नॅशव्हिलच्या दुकानांमधल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसली ती हीच मुलं. लॉसन 2024 मध्ये गेले. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते.

आमच्या वर्गांत भारतीय मुलं पुष्कळ असतात आणि त्यांना हा इतिहास शेजारच्या घरातला वाटतो. त्यांच्यासाठी आंबेडकरांनी 1946 मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेलं पत्र वाचायला ठेवा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचून त्याची प्रत मागणारं ते छोटंसं पत्र आहे, आणि ड्यू बॉइस यांचं उत्तरही जपलेलं आहे. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केली होती, हे तुम्हाला ठाऊकच असेल, पण तुमच्या वर्गात ते कुणालाही माहीत नसेल. मात्र हे सगळं दहाव्या दिवशी. आधी माँटगोमेरी आणि मिसिसिपी त्यांचं त्यांचं बोलून होऊ द्या.

सोमवारी सुरुवात करणार असाल तर रॉबिन्सन यांच्या पत्राच्या मूळ प्रतीच्याच छायाप्रती काढा, नव्याने टंकलेला मजकूर नको. टंकलेखन यंत्राची अक्षरं आणि खालची सही मुलांनी बघायला हवी. तारखेवर चिकटवायला सहज निघणारी कागदी पट्टी घ्या, नाहीतर तारखेसकट निघून येते.